एका टाचणीची पेटी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, पूर्वी कीटकशास्त्राचा प्राध्यापक आणि आता कशाचाच नाही, राहणार याच घरात पहिल्या मजल्यावर, पूर्ण शुद्धीत आणि समजून-उमजून हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालायला घरात दुसरे कोणी नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत न चुकता आलो.

फुप्फुसे मात्र शाबूत नाहीत. चाळीस वर्षे मारणबाटल्या, म्हणजे किडे मारायच्या विषारी वाफेच्या बाटल्या, आणि डांबरगोळ्या हुंगल्याचा हा परिणाम, असे डॉक्टर म्हणतात. पुढच्या तपासणीची तारीख ते देत नाहीत, त्यावरून काय ते मी समजलो.

मला वारस एकच, माझी मुलगी, वय एक्कावन्न. ती दंतवैद्य आहे आणि दुसऱ्या शहरात असते. दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो. "बाबा, औषधं घेताय ना?" मी हो म्हणतो. "जेवण?" तेही हो. मग दोघेही फोन ठेवून देतो. माझी पत्नी, म्हणजे तिची आई, सोळा वर्षांपूर्वी वारली. तीही कीटकशास्त्रज्ञच होती. हे मृत्युपत्र मुलीला जे द्यायचे त्यासाठी आहेच, पण त्याहून जास्त, तिच्यापासून जे लपवले ते सांगण्यासाठी आहे. तोंडाने सांगायचा प्रयत्न मी चार-पाच रविवारी करून पाहिला. जमले नाही.

कलम १. राहते घर, खालच्या दुकानाच्या गाळ्यासह, मुलीला. गाळा औषधविक्रेत्याकडे भाड्याने आहे. तो सज्जन माणूस आहे, त्याला काढू नये. जिन्याचा लोखंडी कठडा हलतो. तो मुलगी जिन्यावरून पडल्यानंतर बसवला. तो आधी बसवायला हवा होता.

कलम २. बँकेत जे असेल ते मुलीला. कागद कपाटाच्या वरच्या खणात आहेत. याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. पुस्तके महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने मागितली तर द्यावीत. मागणार नाहीत, तेव्हा मुलीने योग्य ते करावे. गांधीलमाश्यांवरच्या तीन खंडांपैकी दुसरा नाही. तो आमच्या विभागातल्या टोपीवाल्या प्राध्यापकांनी एकतीस वर्षांपूर्वी आठ दिवसांसाठी नेला. नंतर म्हणाले, "अहो, परत केला की. तुमच्याच टेबलावर ठेवला." ते वारले तेव्हा मी भेटायला गेलो आणि त्यांच्या पत्नीचे सांत्वन करता करता कपाटाकडे पाहत राहिलो. वरून तिसरी फळी, डावीकडून पाचवा. त्यांना मी माफ केलेले नाही. खंड आता त्यांच्या सुनेकडे असावा. मागू नये. माझ्या हिशेबी त्यांचा गुन्हा तेवढाच आहे, आणि पुढचे वाचल्यावर तो फारच किरकोळ वाटेल.

कलम ४. हत्यारे. दोन जाळ्या, मारणबाटल्या, टाचण्यांचे डबे टाकून द्यावेत. बाटल्या मात्र कोणी उघडू नयेत. पितळी दांड्याचे भिंग माझे नाही, पत्नीचे आहे. ते मुलीला. बारीक टोकाचा चिमटा मला सुताराला द्यायचा होता. तो आमच्या संग्रहाच्या पेट्या पन्नास वर्षे करत आला आहे आणि माझ्या एकाही विद्यार्थ्याला किडे त्याच्याइतके ओळखता येत नाहीत. पण तो या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला त्यातून काही देता येत नाही, असे वकिलांनी सांगितले. म्हणून चिमटा काल त्याच्या हातात दिला. ती देणगी होय, या मृत्युपत्राशी तिचा संबंध नाही. तो म्हणाला, "साहेब, याचं मी काय करू?" मी म्हटले, बोटात शिरलेल्या लाकडाच्या कुसा काढ. त्याला ते पटले.

कलम ५. कीटकसंग्रह. चार कपाटे, मागच्या खोलीत. हा संग्रह महाविद्यालयाचा होता. दोन वर्षांपूर्वी सध्याच्या विभागप्रमुखांना ती खोली हवी झाली. ते माझ्याच हाताखाली शिकलेले, नम्र गृहस्थ आहेत. म्हणाले, "सर, हल्ली किडे टाचणीला कोण टोचत बसतंय? पायाचा एक तुकडा घ्यायचा, डीएनएच्या यंत्रात घालायचा. नातं आपोआप बाहेर येतं." मग त्यांनी टेम्पो करून कपाटे माझ्या घरी पाठवली, हमालीसकट, आणि सोबत एक पुष्पगुच्छही. तेव्हापासून मी कपाटांत डांबरगोळ्या ठेवलेल्या नाहीत. डॉक्टरांची सक्त मनाई आहे, आणि त्या वासाने मला रात्री बसून काढाव्या लागतात. कपाटे उघडण्याचेही टाळले, त्याचे कारण वेगळे आहे, ते कलम ८ मध्ये येईल.

विभागप्रमुखांचे यंत्राविषयीचे म्हणणे खरे आहे. एका पायात नाते सापडते. म्हणूनच चौथे कपाट कोणत्याही परिस्थितीत टाकून देऊ नये.

कलम ६. हे कलम खास मुलीसाठी. तिला किड्यांचा तिटकारा आहे आणि त्याला मी जबाबदार आहे, पण हे कळल्याशिवाय पुढचे कळणार नाही. तिने एकदा शांतपणे वाचावे.

वर्गीकरण म्हणजे सारख्या दिसणाऱ्या वस्तू एका खणात ठेवणे नव्हे. ते कोणताही दुकानदार करतो. वर्गीकरण म्हणजे नाते शोधणे. कोण कोणाचे सख्खे, कोण चुलत, कोणाचा पूर्वज कुठे वेगळा झाला. मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या एकाच गणातल्या, कारण फार मागे त्यांचा पूर्वज एक होता. गणात कुले, कुलात प्रजाती, प्रजातीत जाती. वरच्या पायऱ्या माणसाने आखलेल्या आहेत आणि त्यांच्यावरून आम्ही जन्मभर भांडतो. जाती मात्र किडे स्वतः ठरवतात. ज्यांचे आपसांत जमते आणि ज्यांची संतती पुढे चालते ती एक जाती, मग ती आपल्या डोळ्यांना कशीही का दिसेना.

आता एक किडा. मखमली गांधीलमाशी. मादीला पंख नाहीत. ती वाळूवर धावते, अंगावर तांबडी मखमल, पाहणारा मुंगी म्हणून सोडून देतो. मुंगी ती नव्हे. नराला पंख आहेत, रंग काळा, तो उडतो आणि पाहणारा त्याला दुसरीच कुठली तरी माशी समजतो. दोघांचा पूर्वज पंखवालाच होता. मादी दुसऱ्या माश्यांच्या बिळात शिरून त्यांच्या अळ्यांवर अंडी घालते, आणि बिळात पंखांची अडचण होते. "गरज उरली नाही म्हणून पंख गेले", असे उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्यांना मी नापास केलेले आहे. गरजेने काही येत नाही आणि जात नाही. ज्या माद्यांचे पंख जन्मतःच आखूड निघाले त्यांची अंडी जास्त बिळांत पोचली, त्यांच्या लेकी जास्त जगल्या, एवढेच. असे लाखो वर्षे झाले. नराला मादी शोधत हिंडायचे असते, म्हणून आखूड पंखांचे नर मागे पडले आणि लांब पंखांचे उरले. त्यामुळे नवरा एका खणात आणि बायको दुसऱ्या खणात, असे आमच्या शास्त्रात कितीदा तरी झालेले आहे. चूक कोणाचीही होऊ शकते. ती दुरुस्त करायची रीतही ठरलेली आहे: जोडी जमलेली असताना दोघांना धरायचे, दोघांना एकाच टाचणीवर लावायचे आणि खाली खरी चिठ्ठी लावायची. जागा, तारीख, वेळ, धरणाऱ्याचे नाव. चिठ्ठी नसलेला किडा कचऱ्यात टाकतात. आमच्या धंद्यात खोटी चिठ्ठी लिहिण्याएवढे वाईट काम दुसरे नाही, आणि पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला मी हे फळ्यावर लिहीत असे.

कलम ७. पत्नी संग्रहात साहाय्यक म्हणून लागली तेव्हा तिला जमिनीवरचे दिसे आणि मला हवेतले. मुलीच्या जन्माच्या आदल्या वर्षी तिने पाणीपुरवठ्याच्या टाकीमागच्या वाळूच्या दरडीवर एक तांबडी मादी धरली आणि नवी जाती म्हणून तिचे वर्णन छापले. आयुष्यात तिने ठेवलेले ते एकच नाव. मुलगी तीन वर्षांची असताना माझा ग्रंथ निघाला. त्यात त्याच दरडीवरचा एक काळा नर मी नवी जाती म्हणून दिला. नुसती जाती नव्हे, मी त्याच्यासाठी नवी प्रजाती केली, आणि त्या प्रजातीवर तिसऱ्या प्रकरणातला वंशवृक्ष उभा केला. त्या प्रकरणाने मला प्राध्यापकपद मिळाले.

दोन वर्षांनी एका दुपारी पत्नी दोन्ही पेट्या शेजारी ठेवून बराच वेळ भिंगातून पाहत बसली. मग म्हणाली, "अहो, रागावू नका. तुमचा हा आणि माझी ही, दोघं एकच वाटतात मला."

"कशावरून?"

"दोघांच्याही पोटावरचे खळगे बघा ना. आणि दोघं त्याच दरडीवर, त्याच पंधरवड्यात. मला जोडी मिळाली की दाखवते तुम्हाला."

आमच्या शास्त्राचा नियम असा की एकाच जातीला दोन नावे पडली तर आधीचे राहते आणि नंतरचे रद्द होते. तिचे आधीचे होते. शिवाय दोघे एकच ठरले असते तर माझी प्रजाती गेली असती आणि वंशवृक्षाची फांदी बुडासकट गेली असती. मी म्हटले, "बघ मिळते का."

तेव्हापासून दर उन्हाळ्यात, मे महिन्यात आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, ती रोज दुपारी बारा ते तीन दरडीवर बसू लागली. ती जोडी वर्षातून पंधरा-वीस दिवसच जमते, ऐन उन्हात, आणि तीही काही मिनिटे. चौथ्या उन्हाळ्यात तिने सुताराकडून एक छोटी पेटी करून घेतली, हाताच्या तळव्याएवढी, काचेच्या झाकणाची, आत बुचाचा तुकडा, जेमतेम एका टाचणीपुरती. चिठ्ठीही आधीच लिहून आत ठेवली: जोडी, एकाच वेळी धरलेली, पाण्याच्या टाकीमागची दरड, धरणारी म्हणून खाली तिचे स्वतःचे पूर्ण नाव. तारखेची आणि वेळेची जागा कोरी. विद्यार्थी तिला हसत. टोपीवाले तिला मखमलबाई म्हणत, आणि मीही एकदोनदा त्यांच्याबरोबर हसलो.

कलम ८. सतरा मे. मुलीला आठवे वर्ष पूर्ण झाले त्या दिवशी पत्नी दरडीवर गेली नाही. त्या उन्हाळ्यात तिने चुकवलेला तो एकच दिवस. घरात फुगे लावायचे होते, मुलीच्या मैत्रिणी यायच्या होत्या. साडेअकराला ती मला म्हणाली, "अहो, आज माझ्याऐवजी तुम्ही बसून या ना. जोडी आजच आली तर?"

मी गेलो. सव्वादोनला मादी एका बिळातून वर आली. नर कुठून आला ते दिसले नाही. त्याने तिला उचलले आणि जोडी माझ्या बुटापासून दोन हातांवर वाळूत उतरली. मी जाळी टाकली. हे करताना माझ्या मनात काही वाईट नव्हते, हे मला शपथेवर लिहायचे आहे. वाईट नंतर आले, बाटलीत दोघे शांत झाल्यावर. जुलैत विभागप्रमुखपदाची माझी मुलाखत होती. बायकोने नवऱ्याची चूक काढली, असे टोपीवाले सगळ्या महाविद्यालयाला सांगत फिरले असते. मी टाकीच्या सावलीत बसलो आणि चिमट्याने दोघांना सोडवले. तो चिमटा हाच, जो सुताराला दिला आहे. कशासाठी वापरला ते त्याला माहीत नाही. नराची पकड सुटेना. मी ओढले. मादीच्या पोटाचे टोक तुटून नराकडेच राहिले.

घरी आलो. मुलीच्या मैत्रिणी फुगे फोडत होत्या. पत्नी दारातच म्हणाली, "काही दिसलं?"

"नाही. नुसत्या मुंग्या."

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "या, हात धुवा. ती थांबलीय तुमच्यासाठी."

दुसऱ्या दिवशी संग्रहात मी दोन टाचण्यांना दोन चिठ्ठ्या लावल्या. नराची: सतरा मे, टाकीमागची दरड. मादीची: आदल्या वर्षीचा दोन जून, ओढ्याचा पूल. नर माझ्या खणात, मादी तिच्या. दुसरी चिठ्ठी सरळ खोटी होती. पहिलीवर एक शब्दही खोटा नव्हता, पण जोडीतल्या एकालाच लावली म्हणजे तीही खोटीच. तुटलेले टोक मात्र टाकवले नाही. ते ग्लिसरीनच्या काचनळीत घालून, रबरी बूच लावून, माझ्या खणाच्या मागच्या कोपऱ्यात ठेवले. मादी, नर आणि ते टोक तिन्ही एकत्र पाहिले तर कोणालाही कळेल की काय झाले. कपाट मी याच कारणाने उघडत नव्हतो.

त्यानंतर ती आणखी आठ उन्हाळे बसली.

मुलगी तेरा वर्षांची असताना पत्नीने पुराव्याविना, नुसत्या पोटावरच्या खळग्यांच्या आधारावर निबंध लिहून आमच्या शास्त्रीय मासिकाकडे पाठवला. मासिकाने तो गुप्त मतासाठी माझ्याकडेच पाठवला. त्या विषयात दुसरे कोणी नव्हते. मी लिहिले: "दिसण्यातील साम्य म्हणजे नाते नव्हे. नुसत्या तुकड्यांवरून काही सिद्ध होत नाही. जोडी सादर करावी." मासिकाचे पत्र तिने जेवताना मला वाचून दाखवले. म्हणाली, "कुणी लिहिलंय कुणास ठाऊक, पण बरोबर लिहिलंय. जोडी पाहिजेच." मी पाणी मागितले.

मुलगी सोळा वर्षांची झाली त्या वर्षी टाकीमागे मालाचे गोदाम झाले. दरड सपाट करून वर सिमेंट ओतले. माझी ती खोटी चिठ्ठी सोडली तर ती जाती दुसरीकडे कुठेही सापडल्याची नोंद नाही. पत्नी दोन दिवस कुंपणाशी उभी राहून आली आणि मग संग्रहातल्या टाचण्या पुसायच्या कामाला लागली. त्या विषयावर ती पुन्हा बोलली नाही. आजारात एकदा म्हणाली, "ती पेटी फेकू नका हं. भरायची राहिलीय." तिला काही कळले होते का, मला माहीत नाही. मी कधी विचारले नाही, कारण विचारले असते तर तीच कबुली झाली असती.

कलम ९. आता मुलीशी सरळ बोलतो.

तू अकरा वर्षांची असताना जिन्यावरून पडलीस. मे महिना होता, दुपारचा एक. मी महाविद्यालयात, आई दरडीवर. तू तुटलेला कोपर धरून शेवटच्या पायरीवर तीन वाजेपर्यंत बसलीस. मी आलो तेव्हा तू रडत नव्हतीस. म्हणालीस, "बाबा, आईला सांगू नका. तिला वेळ नसतो." आणि मी काय म्हणालो ते तुला पाठ असेल. मी म्हणालो, "तुझ्या आईचं डोकं त्या वाळूत अडकलंय. आपण दोघंच सांभाळून घेऊ."

तेव्हा ती जोडी माझ्या कपाटात येऊन तीन वर्षे झाली होती. मी एक वाक्य बोललो असतो तर तुझी आई त्या दुपारी घरी असती. तुझा हात आजही पूर्ण सरळ होत नाही, हे मी पाहतो. तू रुग्णाच्या खुर्चीच्या उजव्या बाजूला उभी न राहता डावीकडे का उभी राहतेस, हेही मला माहीत आहे.

त्या दिवसापासून तू माझ्या बाजूची झालीस. मला ते हवेच होते. तिच्या स्वयंपाकाला, तिच्या वाळूने भरलेल्या चपलांना, तिच्या उन्हाने काळ्या पडलेल्या मानेला आपण दोघे हसायचो, आणि ती पण आपल्याबरोबर हसायची. ती गेली त्या दिवशी तू म्हणालीस, "आईनं आख्खं आयुष्य एका किड्यासाठी घालवलं बाबा, आणि तो किडा नव्हताच." लोक माझ्याकडे पाहत होते. मी मान खाली घातली. त्यांना वाटले, दुःखाने.

किडा होता. तुझी आई वेडी नव्हती. तिचे म्हणणे पहिल्या दुपारपासून बरोबर होते. तू ज्या आईवर रुसून मोठी झालीस ती मी तयार केलेली आहे. खरी आई त्या वेळी भर उन्हात, मी आधीच चोरलेली वस्तू शोधत बसलेली होती.

मला क्षमा करावी असे इथे लिहिणार होतो. लिहीत नाही. मागायची होती तिच्याकडे, आणि त्याची वेळ सोळा वर्षांपूर्वी संपली.

कलम १०. माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांच्या आत मुलीने चौथ्या कपाटातला सातवा आणि अकरावा खण, ती काचनळी आणि कलम ८ ची नक्कल विभागप्रमुखांना नेऊन द्यावी. त्यांनी दोन्ही किड्यांचा एकेक पाय यंत्रात घालावा आणि निकाल छापावा. मी ठेवलेली जाती आणि प्रजाती दोन्ही रद्द व्हाव्यात. नाव पत्नीचेच राहावे. त्या नावाचा किडा आता पृथ्वीवर नाही, तेव्हा हा खटाटोप कोणासाठी, असे विभागप्रमुख विचारतील. तरी निकाल छापावा.

कलम ११. माझ्यामागे कोणी भाषण करू नये. विद्यार्थ्यांनी शोकसभा घेतलीच तर मुलीने तिथे जाऊन कलम ८ वाचून दाखवावे. जाणे तिच्यावर बंधनकारक नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, दोन वेळा वाचला आणि कुठेही खाडाखोड न करता खालील दोघांच्या देखत सही केली. त्या दोघांनीही माझ्या देखत सह्या केल्या.

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार पहिला : सुतार, पेट्या करणारा (सही)
साक्षीदार दुसरा : औषधविक्रेता, तळमजला (सही)

स्थळ : राहते घर, पुढची खोली
दिनांक : ४ मार्च २०१९, सोमवार

वरील मृत्युपत्रास पुरवणी

आज सकाळी सुतार खिडकी दुरुस्त करायला आला होता. मनात आले, मुलीला शोधाशोध नको, दोन्ही खण काढून वेगळे ठेवावेत. चौथे कपाट उघडले. मी खुर्चीवर बसलो आणि त्याला खणाचा आकडा सांगितला. त्याने सातवा खण उजेडात धरला, काचेवर फुंकर मारली आणि पुन्हा वाकून पाहिले.

"काय आहे?" मी विचारले.

"साहेब, यात नुसत्या टाचण्या उरल्यात."

अकरावाही तसाच. मग आम्ही सगळेच खण काढले. वाळलेल्या किड्यांवर जगणारा एक बारीक भुंगेरा असतो; त्याच्या केसाळ अळ्या खणाच्या तळाशी तपकिरी भुकटीत फिरत होत्या. कुलासकट मी तो ओळखला. डांबरगोळ्या नसलेल्या कपाटात तो येणारच; त्याची काही चूक नाही. तिची मूळ मादी, माझा मूळ नर, त्या दोघांचे भाईबंद आणि जोडीतले दोघे, सगळ्यांची भुकटी झाली आहे. यंत्रात घालायला पाय उरलेला नाही. टाचण्या सरळ उभ्या आहेत आणि प्रत्येकीखाली चिठ्ठी आहे, तिच्या अक्षरातली किंवा माझ्या. त्या खोट्या दोन चिठ्ठ्या सगळ्यांत स्वच्छ राहिल्या आहेत.

काचनळी सापडली. बूच घट्ट होते म्हणून आतले टोक जसेच्या तसे आहे, तिळाच्या निम्मे. विभागप्रमुखांना फोन केला. ते म्हणाले, "सर, नुसतं ते टोक असून काय उपयोग? तुलना कशाशी करणार?" त्यांचे बरोबर आहे. नुसत्या तुकड्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे मीच एकदा लिहून दिले होते.

म्हणून कलम १० मी रद्द करतो. नावे जशी आहेत तशीच राहतील. माझा वंशवृक्षही राहील, आणि पुढची पोरे परीक्षेसाठी तो पाठ करतील. कलम ८ ला आता माझ्या शब्दाखेरीज कोणताही आधार नाही, आणि माझ्या शब्दाची किंमत त्याच कलमात लिहिलेली आहे. मुलीने विश्वास ठेवलाच पाहिजे असे म्हणण्याचा अधिकार मला नाही.

पत्नीची ती छोटी पेटी टेबलावर होती. सुताराने तिचे झाकण उघडून दिले. तो म्हणाला, "बाईंनी दोनदा करून घेतली होती ही. पहिलीची काच जरा वाकडी बसली होती." मी काचनळी आत ठेवली. बरोबर मावली. मग चिठ्ठी बाहेर काढली आणि कोऱ्या जागी लिहिले: सतरा मे, दुपारी सव्वादोन. अक्षर वाचता येते.

राहिले धरणाऱ्याचे नाव. तिथे तिचे आहे. ती त्या वेळी दरडीवर नव्हती, घरी तुझ्यासाठी फुगे फुगवीत होती. खरी चिठ्ठी करायची तर तिचे नाव खोडून माझे लिहावे लागते. मी लेखणी तिच्या नावावर टेकवली. सुतार दोनदा म्हणाला, "साहेब, बरं वाटत नाहीये का?" माझ्याने खोडवले नाही. नाव तसेच ठेवून मी चिठ्ठी परत आत लावली आहे. म्हणजे ही माझी तिसरी खोटी चिठ्ठी.

ती पेटी मुलीला. खोडायचे की ठेवायचे ते तिने ठरवावे.

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार : वरीलप्रमाणेच दोघे (सह्या)

स्थळ : राहते घर, मागची खोली
दिनांक : १९ मार्च २०१९, मंगळवार